रविवारची मिसळ, सोमवारचं डायलिसिस

तुमचा प्रश्न नीट वाचला. मला समजलं ते असं. तुम्ही एकेचाळीस वर्षांचे, राहायला सातपूरला, अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशीनवर होतात. दीड वर्षापासून डायलिसिस सुरू आहे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळची शिफ्ट. सुरुवातीचे दोन-तीन महिने घरात माणसांची रीघ होती, आता कंपनीतले मित्र फोनसुद्धा करत नाहीत. रविवारी ते मिसळीला जमतात, तुम्ही जाणं सोडलंत. घरात आई, पत्नी, आठवीतली मुलगी आहे, तरी एकटं वाटतं आणि घरच्यांसमोर ते बोलायची लाज वाटते. आईला मधुमेह असल्यामुळे तिची किडनी घेता येत नाही, पत्नीचा रक्तगट जुळत नाही, धाकटा भाऊ या विषयावर गप्प. आणि मग तुम्ही विचारलंत, "जो तो म्हणतो आशा ठेव. नक्की कशाची ठेवू?" फेब्रुवारीत जळगावला लग्न आहे, जाता येईल का, हेही खाली एका ओळीत आहे. त्याचं उत्तर शेवटी देते.

मी नाशिकमध्ये डायलिसिसच्या रुग्णांसाठी समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम करते. डॉक्टर नाही. औषधं, पथ्य, पाणी किती काढायचं हे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनीच, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. शिवाय तुमचं हृदय कसं आहे, लघवी अजून किती होते, पैशाची ओढाताण किती आहे, हे मला माहीत नाही, आणि यातल्या प्रत्येक गोष्टीनं माझा सल्ला थोडाफार बदलेल. हे धरून पुढचं वाचा.

तुम्ही एकटेपणाचा प्रश्न "लोक बदलले" असा मांडलाय. मला त्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. पहिली अशी, की संपणाऱ्या आजारात काय करायचं हे आपल्या लोकांना पक्कं ठाऊक असतं. ऑपरेशन झालं, टायफॉइड झाला, पाय मोडला, की डबा येतो, शहाळं येतं, रात्री दवाखान्यात थांबायला पोरं तयार असतात. महिन्याभरात माणूस हिंडूफिरू लागतो आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. न संपणाऱ्या आजारासाठी असा रिवाजच नाही. चौथ्या महिन्यात मित्रानं "कसं काय, बरंय ना?" विचारलं तर तुम्ही काय सांगणार? बरं म्हणावं तर खोटं, वाईट म्हणावं तर तेच ते. तो अवघडतो, तुम्ही अवघडता, आणि पुढचा फोन लांबतो. प्रेम आटलं म्हणून फोन थांबतात असं क्वचित होतं. बहुतेक वेळा बोलायला विषय उरलेला नसतो.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि तुमच्या बाबतीत मला हीच मोठी वाटते. आठवड्याचे १६८ तास. त्यातले मशीनवरचे १२. कागदावर हे काहीच नाही. पण जाणं-येणं, सुया लावणं, संपल्यावर दाबून धरून बसणं, बीपी लो झालं तर आणखी तासभर, आणि घरी आल्यावर अंगातून सगळं काढून घेतल्यासारखा थकवा. तीन दिवस असेच जातात. उरतात चार. त्यातला रविवार मित्रांचा मोकळा दिवस, आणि तोच तुमच्या शरीराचा सगळ्यात अवघड दिवस. शुक्रवारी मशीनवरून उतरलात की थेट सोमवारी चढायचं. इतर वेळी मध्ये एकच दिवस जातो, इथे दोन. रविवारपर्यंत पाणी साठलेलं, पोटॅशियम चढलेलं, चालताना धाप. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या दोन दिवसांच्या खंडानंतर मृत्यू आणि हृदयाच्या तक्रारींनी भरती होण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं. तेव्हा रविवारी तर्रीचा रस्सा, फरसाण, पापड आणि वर दोन ग्लास पाणी हे तुम्ही टाळलंत ते शहाणपणाचंच होतं. फक्त मिसळीबरोबर माणसंही टाळली गेली.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी कोरडा आहे. तुमच्या युनिटच्या इन्चार्जना मंगळ-गुरु-शनिची जागा मागा. मग मोठा खंड शनिवार ते मंगळवार असा येतो आणि रविवार हा मशीनच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे हलकं वाटणारा दिवस होतो. लगेच मिळेलच असं नाही. जागा रिकामी लागते, आणि हिपॅटायटिसच्या रुग्णांची मशीन वेगळी असल्यामुळे कुणालाही कुठेही बसवता येत नाही. पण कारण सांगून, नाव लिहून ठेवून, दर महिन्याला आठवण करून दिली तर बऱ्याचदा मिळते. "मला रविवारी मित्रांत जायचंय" हे कारण सांगायला लाजू नका. कामाच्या पाळीसाठी लोक शिफ्ट बदलून मागतातच ना, मग यासाठी का नाही?

मिसळीच्या टेबलावर बसलं म्हणजे मिसळ संपवलीच पाहिजे असं नाही. पाव, वर चमचाभर उसळ, रस्सा नाही, पापड-फरसाण शेजारच्याच्या ताटात. चहा अर्धा कप, आणि तो दिवसाच्या पाण्यात मोजायचा. साधारण नियम असा की लघवी जितकी होते त्यावर अर्धा लिटर, पण तुमचा आकडा डॉक्टरांनी दिला असेल तोच धरा. पहिल्या वेळी मित्र चार प्रश्न विचारतील. दुसऱ्या वेळेपासून कुणी तुमच्या ताटाकडे बघत नाही, हा माझ्याकडच्या अनेकांचा अनुभव आहे.

शिफ्ट बदलली नाही तर? मग मंगळवार किंवा गुरुवारची संध्याकाळ पकडा. अख्ख्या ग्रुपला बोलवू नका, एकाला बोलवा. आणि "ये कधीतरी" असं म्हणू नका, कारण कधीतरी हा दिवस कुणाच्याच आठवड्यात येत नाही. "मंगळवारी सहाला, अर्धा तास, आपण दोघं पायी चक्कर मारू" असं सांगा. वार ठरलेला, वेळ ठरलेली, किती वेळात मोकळं होणार तेही ठरलेलं. समोरच्याला सगळ्यात जास्त भीती असते ती आजारी माणसाकडे गेल्यावर उठायचं कधी याची. ती काढून टाकली की माणूस येतो. एखाद्या मंगळवारी तुम्हाला नाही झेपलं तर दुपारीच कळवा आणि पुढचा मंगळवार तसाच ठेवा.

आणखी एक. येणाऱ्याला काम सांगा. हा सल्ला मी जवळजवळ प्रत्येकाला देते आणि पुरुषमंडळी तो हमखास टाळतात. बुधवारी मशीनवरून उतरल्यावर घरी सोडायला एक मित्र, महिन्याची औषधं आणायला दुसरा, मुलीच्या गणितासाठी तिसरा. काम असलेल्या माणसाला "कसं काय, बरंय ना?" विचारावं लागत नाही. तो गाडी घेऊन येतो, वाटेत कंपनीतल्या गप्पा मारतो, सोडून जातो. तुम्हाला हवी असलेली सोबत बहुतेक याच वाटेत मिळते. पाहुण्यांना शहाळं आणू नका हेही स्पष्ट सांगा. त्यात पोटॅशियम इतकं असतं की तुमच्यासाठी ते धोक्याचं आहे, आणि "ताकद येते हो" म्हणत कुणीतरी आग्रहानं पाजतंच. आणायचंच असेल तर सफरचंद आणा म्हणावं. आपल्याकडची द्राक्षं आहारतज्ज्ञांना विचारून मोजकी चालतात, मनुका मात्र नाही, त्यात तेच पोटॅशियम आटून बसलेलं असतं. काढे, मुळ्या, "माझ्या साडूचं क्रिॲटिनिन यानं उतरलं" (क्रिॲटिनिन म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) हे ऐकून घ्या आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तोंडात घालू नका.

काही मित्र यातलं काही केलं तरी येणार नाहीत. काहींच्या घरात असा आजार होऊन गेलेला असतो, त्यांना ते मशीन, ती नळी पुन्हा बघवत नाही. काहींची मैत्री कामापुरतीच होती. त्यांच्यामागे लागू नका. दोन माणसं टिकली तरी आठवडा उभा राहतो.

आता घरातलं. तुम्ही लिहिलंय की पत्नीशी दिवसभर बोलणं होतं तरी एकटं वाटतं. काय बोलणं होतं ते आठवून बघा. वजन किती वाढलं? गोळी घेतली? पाणी किती झालं? परत भाजीत वरून मीठ घेतलंत? हे नवरा-बायकोचं बोलणं राहिलेलं नाही, वॉर्डातलं झालंय. त्यांचा दोष नाही, घाबरलेलं माणूस असंच बोलतं. आमच्याकडच्या जोडप्यांना मी एक साधी पद्धत सांगते. आजाराचं बोलणं दिवसातून एकदाच, सकाळी चहाच्या वेळी, दहा मिनिटं. वजन, गोळ्या, पुढची तारीख, पैसे, सगळं तेव्हाच. त्यानंतर दोघांनीही तो विषय काढायचा नाही, त्रास होत असेल तर अर्थात सोडून. पहिल्या आठवड्यात घर भलतंच शांत होतं, कारण दुसरं काही बोलायची सवय मोडलेली असते. ती शांतता सोसा. त्यातूनच मुलीच्या शाळेचं, शेजारच्या भांडणाचं, सिरियलचं बोलणं परत सुरू होतं.

आणि त्यांना एकदा विचारा, "तुला कुणाशी बोलावंसं वाटतं?" तुमच्याइतक्याच त्याही एकट्या पडलेल्या असणार. त्यांच्या मैत्रिणी, भिशी, माहेरी जाणं, सगळं तुमच्या सोम-बुध-शुक्रनं बंद पाडलंय. एखाद्या बुधवारी मित्रानं तुम्हाला आणलं आणि त्या दुपारी पत्नी आपल्या बहिणीकडे जाऊन आल्या, तर संध्याकाळी घरात वेगळाच माणूस भेटतो.

शरीरसंबंधांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, बहुतेक कुणीच लिहीत नाही, म्हणून मीच काढते. डायलिसिसवर इच्छा कमी होणं किंवा न जमणं हे फार जणांना होतं. रक्त कमी असणं, हार्मोन, नसा, बीपीची औषधं, थकवा, अशी बरीच कारणं असतात आणि त्यातल्या काहींवर इलाज आहे. डॉक्टरांना एका वाक्यात सांगा. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका, हृदयाच्या काही औषधांबरोबर ती जिवावर बेतते. पत्नीलाही सांगा की हे आजारानं होतंय, नाहीतर त्या गप्प राहून वेगळाच अर्थ काढत बसतात.

मुलीला किती सांगायचं? आठवीतल्या मुलीला आपण समजतो त्याहून जास्त कळतं. अर्धवट कळलेलं तिला रात्री जागवतं. एकदा तिला युनिटमध्ये घेऊन जा, इन्चार्जची परवानगी काढून. मशीन काय करतं ते तुम्हीच तिला समजावा, तुम्ही मशीनवाले आहात. हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे सुया लावण्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, तिचं बोट ठेवून ती थरथर दाखवा. ती थरथर लागते म्हणजे फिस्टुला चालू आहे, हे एकदा समजलं की मुलं घाबरत नाहीत, उलट रोज तपासतात.

एक गोष्ट तुमच्या लिहिण्यात ओझरती आली आहे, पण मला ती खूप महत्त्वाची वाटली. तुमच्या शेजारच्या बेडवरचे काका दिवाळीनंतर दिसले नाहीत आणि विचारल्यावर "ते दुसरीकडे जातात आता" असं उत्तर मिळालं. दीड वर्षं आठवड्यातून तीनदा, चार-चार तास शेजारी झोपलेला माणूस. भावापेक्षा जास्त वेळ त्याच्याबरोबर गेला. तो गेला तर त्याचं सुतक नाही, त्याच्या घरचा पत्ता नाही, आणि त्याच बेडवर दुसऱ्या दिवशी नवा माणूस. बाहेरच्या कुणाला हे दुःख सांगायला जावं तर "कोण होते तुमचे?" याला उत्तर नाही. एकटेपणाचा हा प्रकार बाहेरच्यांना दिसतच नाही, आणि युनिटमधले आम्ही लोकही तो पुष्कळदा झाकून ठेवतो, कारण बाकीचे खचतील अशी भीती असते. माझं मत उलट आहे. सांगितल्यानं माणसं रडतात. लपवल्यानं प्रत्येक जण मनात स्वतःचा नंबर मोजत बसतो. तुम्ही सिस्टरना सरळ विचारा, "ते गेले का? मला खरं सांगा." रुग्णाची माहिती देण्यावर त्यांना बंधनं असतात, पण घरच्यांना विचारून तुमचा निरोप पोचवता येतो. घरच्यांनी होकार दिला तर भेटून या. त्यांच्या पत्नीला तुमच्या तोंडून त्या चार तासांतल्या गप्पा ऐकायला मिळतील, त्या तिच्याकडे नाहीत.

तुमच्या शिफ्टमधले बाकीचे लोक ही तुमच्याकडची आयती माणसं आहेत. पायात गोळे येणं काय असतं, तहान लागलेली असताना बर्फाचा एक खडा तोंडात धरून तासभर काढणं काय असतं, हे त्यांना समजवावं लागत नाही. तरी मी बघते, प्रत्येक जण कानात हेडफोन घालून पंख्याकडे बघत असतो. पहिल्या तासात, बीपी ठीक असताना, शेजाऱ्याशी बोला. गाव कुठलं, पीक काय, इथपासून सुरुवात करा. दिंडोरी, निफाड, सिन्नर, पेठकडून पहाटे निघून येणारी माणसं तुमच्याच शिफ्टला असतील. त्यांना विचारा की डायलिसिसच्या रुग्णाला एसटीच्या साध्या बसचा प्रवास मोफत असतो, ते प्रमाणपत्र त्यांनी काढलंय का. अंतराची मर्यादा आणि कागद आगारात समजतात. कितीतरी जणांना हे माहीत नसतं. उपयोगाची एक गोष्ट सांगितली की ओळख होते.

इथे थोडं थांबून डॉक्टरांकडचं बोलते, कारण सगळंच मनाचं समजून चालत नाही. हिमोग्लोबिन आठवर असेल तर कुणालाही जगण्यात रस वाटत नाही. डायलिसिस पुरेसं होत नसेल, रात्री पाय स्वस्थ राहत नसतील, खाजेमुळे झोप मोडत असेल, थायरॉइड बिघडलं असेल, तरी माणूस उदासच दिसतो. आधी हे तपासून घ्या. हे सगळं ठीक असूनही दोन आठवडे सलग कशातच मन लागत नाही, झोप आणि भूक गेली, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं सतत वाटतं, तर तो उदासीनतेचा आजार असू शकतो. डायलिसिसवरच्या साधारण पाचातल्या एकाला तो होतो. त्यावर समुपदेशन आहे, किडनीच्या रुग्णाला चालतील अशी औषधं आहेत. मशीनवर असतानाच, त्याच चार तासांत, समुपदेशकाशी बोलता येतं. परदेशात यावर अभ्यास झालेत आणि फायदा दिसलाय. तुमच्या युनिटला समुपदेशक नसेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे.

तुम्ही लिहिलंय, "कधी कधी वाटतं सोमवारी जाऊच नये." मी हे वाक्य सोडून देणार नाही. कंटाळा म्हणून लिहिलं असेल, तर तसं जवळजवळ सगळ्यांना वाटतं आणि ते बोलून दाखवलेलं चांगलं. पण मरून जावं या अर्थानं लिहिलं असेल, तर आजच घरात एकाला आणि उद्या तुमच्या डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. रात्री-अपरात्री १४४१६ लावा, ती सरकारी टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. आणि दोन दिवसांच्या खंडानंतरचं सोमवारचं डायलिसिस कशाहीसाठी चुकवू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, आशा कशाची.

थोडा इतिहास सांगते, कारण तो तुमच्या व्यवसायातल्या माणसाचा आहे. कृत्रिम किडनी विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये १९४३ साली, युद्ध चालू असताना बनवली. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची, त्यामुळे काही वेळांनंतर जागाच उरायची नाही. किडनी तात्पुरती बंद पडली असेल तर माणूस वाचायचा, कायमची गेली असेल तर नाही. मार्च १९६० मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातातच ठेवून देण्याची युक्ती केली आणि ती पहिल्यांदा क्लाइड शील्ड्स नावाच्या रुग्णाला बसवली. हे गृहस्थ बोइंग कंपनीत मशीनिस्ट होते. तोपर्यंत त्यांच्यासारख्या रुग्णाला काही आठवड्यांची मुदत असायची. ते पुढे अकरा वर्षं जगले. तुमच्या हातात आहे तसा फिस्टुला तर १९६६ साली आला. शील्ड्स यांना अकरा वर्षं मिळतील हे मार्च १९६० मध्ये कुणीच सांगू शकत नव्हतं. तुम्हालाही कुणी आकडा देऊ शकत नाही. वय, हृदय, मधुमेह, पथ्य, फिस्टुला किती टिकतो, यावर ते अवलंबून असतं. डायलिसिसवर पंधरा-वीस वर्षं काढणारे आहेत, लवकर जाणारेही आहेत. तुमचं वय आणि मधुमेह नसणं या बाजू तुमच्याकडे आहेत.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण सगळी आशा प्रत्यारोपणावर ठेवतात आणि मग तोपर्यंतचं आयुष्य बाजूला टाकतात. किडनी मिळाली की नाशिकरोडचा फ्लॅट बघू, किडनी मिळाली की मुलीला सहलीला नेऊ. याचा त्रास असा, की वाट बघताना गेलेली वर्षं कुणी परत देत नाही. मी सांगते, प्रत्यारोपणाची आशा फाईलमध्ये ठेवा आणि फाईलला महिन्यातला एक दिवस द्या. त्या दिवशी मन लावून काम करा. प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयातून तुमचं नाव मेंदूमृत दात्याच्या यादीत लागलंय का? आपला नाशिक विभाग पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी जोडलेला आहे. तिथे तुमचा फोन नंबर बरोबर आहे का? हिपॅटायटिस बी लसीचे सगळे डोस झाले? दात तपासले? टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) ताजा आहे? पत्नीचा रक्तगट जुळत नाही म्हणून तो रस्ता बंद झाला असं समजू नका. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून अशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाबरोबर अदलाबदल करता येते. रक्तगट जुळत नसतानाही प्रत्यारोपण होतं, फक्त खर्च आणि औषधं वाढतात. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेसाठी नेमलेल्या माणसाला विचारा. ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) असाल तर दीर्घ आजाराच्या लाभाची चौकशी सातपूरच्या रुग्णालयात करा. दिवस संपला की फाईल कपाटात, पुढच्या महिन्यापर्यंत.

बाकीच्या दिवसांसाठी जवळची, तारीख असलेली आशा लागते. निफाडकडचे एक द्राक्ष बागायतदार आमच्याकडे यायचे. बागेत उभं राहणं बंद झालं होतं. पण मशीनवर असताना त्यांचा फोन थांबायचा नाही. भावकीतली पोरं बागेतून फोटो पाठवायची आणि हे बेडवरून सांगायचे, ही काडी ठेव, ती काढ. त्यांचं वर्ष एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांवर चालायचं. "किती दिवस असं?" हे मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही, "यंदा छाटणी लांबली" हे ऐकलं. पोरांना त्यांची गरज होती, दया म्हणून ती फोन करत नव्हती.

तुमच्याकडे काय आहे? ड्रॉइंग वाचता येतं, प्रोग्रॅम लावता येतो, टूल कुठे तुटणार ते आवाजावरून समजतं. सातपूरच्या आयटीआयची पोरं, कंपनीत नव्यानं लागलेले ट्रेनी, यांना हे शिकवणारं कुणी नसतं. मंगळवारी दोन पोरांना तासभर घरी बोलवा. फी घ्या किंवा नका घेऊ. महिन्याभरानं ती पोरं अडलं की फोन करतील, आणि त्या फोनवर तुमचं क्रिॲटिनिन कुणी विचारणार नाही. नोकरीचा विषयही मिटला असं समजू नका. संध्याकाळची डायलिसिस शिफ्ट मिळाली तर इन्स्पेक्शन किंवा स्टोअरसारखं बसून करायचं काम काही जणांना जमतं. ते कंपनीवर आणि तुमच्या थकव्यावर अवलंबून आहे, पण विचारून तर बघा.

भावाबद्दल. हा विषय नाजूक आहे, मी लांबून बोलतेय, चुकत असेल तर सोडून द्या. घरात किडनीची गरज आहे आणि एक भाऊ धडधाकट आहे, एवढ्यानंच त्याच्यावर न बोललेली मागणी येऊन बसते. तो गप्प आहे म्हणजे नाही म्हणतोय असं नाही. त्याला भीती असेल, त्याची बायको नको म्हणत असेल, दोन्हीकडून तो कात्रीत असेल. तुमच्या घरी आलं की आईचे डोळे तेच विचारतात, म्हणून तो येत नाही. कायद्यानं दान स्वखुशीचंच हवं आणि दात्याशी रुग्णालयात वेगळं बोललं जातं, ते याचसाठी. तुमच्या मनाची खरोखर तयारी असेल तर त्याला सांगा, "किडनीचं मी तुला विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तू येत नाहीस ते मला लागतं. पुढच्या गुरुवारी जेवायला ये." आणि आईलाही बजावून ठेवा. मनातून आशा धरून हे वाक्य बोलू नका, त्याला ते लगेच समजेल. तयारी नसेल तर थांबा. पण मी पाहिलंय, असं मोकळं केल्यावर काही भाऊ परत येतात. त्यातला एखादा वर्षा-दोन वर्षांनी स्वतःहून तपासणीला जातो, बाकीचे जात नाहीत. तरी घरात भाऊ असतो.

राहिलं जळगावचं लग्न. जा, नक्की जा. आधी डॉक्टरांना विचारा की बीपी आणि हृदय प्रवासाला ठीक आहे का. जळगावात डायलिसिस केंद्रं आहेत, तीन-चार आठवडे आधी फोन करून लग्नाच्या आठवड्यातला तुमचा वार तिथे राखून ठेवा. ते हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट मागतील. तुमच्या युनिटकडून एका कागदावर ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती, कुठला डायलायझर (रक्त गाळणारा फिल्टर), फिस्टुला कुठल्या हाताला, शेवटच्या तीन डायलिसिसचे बीपी आणि चालू औषधं लिहून घ्या. त्याचा फोटो पत्नीच्या मोबाइलमध्येही असू द्या. शक्यतो नाशिकला डायलिसिस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी निघा. फिस्टुलाच्या हातात बॅग धरू नका, त्या हाताला घट्ट घड्याळ किंवा बांगडीवजा कडं नको. पंगतीत वरणभात, पोळी, एखादी भाजी घ्या. मठ्ठा आणि लोणचं मात्र नाही. आणि तिथे कुणीतरी शहाळं घेऊन येईलच, ते मुलीला द्या.